तिसरी ओळ येऊन घे

भामे, काल तुझं तेरावं झालं. मांडव सुटला, पाहुणे आपापल्या वाटेनं गेले, आणि मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. तू मधेच उठून गेलीस म्हणून भांडण मिटलं, असं कुणी सांगितलं? आठ वर्षं तू मला एकच ऐकवलंस, "तिसरी ओळ पायजे ना, मग येऊन घे." आता सांग, कुठं येऊ?

चिकलठाण्याहून पडेगाव ते काय लांब. जालना रोडनं सरळ यायचं, छावणी ओलांडायची, थोडं पुढं गेलं की तुझं घर. मी पुण्यामुंबईला असते तर निदान बहाणा तरी बरा सापडला असता. एकाच शहराच्या दोन टोकांना आपण राहिलो आणि वर्षातून दोनदा भेट झाली तरी लई झालं म्हणायचो. तू यायचीस ती दोन रिक्षा बदलून, पिशवीत शेपू नाहीतर अंबाडी घेऊन. मी येते येते म्हणायचे आणि ऐनवेळी माझं काहीतरी निघायचं. तू कधी चिडली नाहीस. "तू बिझी माणूस," म्हणायचीस, आणि ते बिझी असं काही म्हणायचीस की मला पुढं बोलायला जागा राहायची नाही.

शेजारणींना माझी ओळख कशी करून द्यायचीस ते आठवतं? "ही नंदा, माझ्या चुलत्याची पोरगी. चेटकिणींच्या गोष्टी लिहिती. शाळंतल्या पोरी वाचत्यात." त्या बायका माझ्याकडं अशा बघायच्या, जशी काही मीच चेटकीण. मग तू तोंडाला पदर लावून हसायचीस. त्यांना काय, रडतं पोर घेऊन त्या तुझ्याच दारात यायच्या, माझ्या नाही.

आपण दोघी एकाच साली जन्मलो, तू दोन महिन्यांनी थोरली. सातवीत असताना आपण ठरवलं की आपण चेटकिणी आहोत. पुरावा काय, तर कपाळावर पांढरा ठिपका असलेली ती मेंढी तू नुसतं बघितलंस की थांबायची. मी बघितलं की पळायची. शाळा सुटली की तुझ्या घरच्या मेंढरांमागं टेकडीवर जायचं, आणि तिथं आपली वही उघडायची. वहीला वर्तमानपत्राचं कव्हर होतं आणि वर 'भूगोल' लिहिलेलं, म्हणजे मोठं माणूस कुणी उघडणार नाही. त्यात मंत्र होते, शत्रूंची नावं होती, आणि मोठेपणी आपण काय काय उडवून देणार त्याची लांबलचक यादी होती. अक्षर माझं, डोकं बरंचसं तुझं.

गणिताच्या सरांनी मला सगळ्यांसमोर वर्गाबाहेर उभं केलं, त्या संध्याकाळी आपण त्यांच्या स्कूटरवर मंत्र टाकला. दुसऱ्या दिवशी सर किका मारून मारून बेजार झाले, स्कूटर काही सुरू होईना. मी भिऊन दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. आपल्याला खरंच येतंय, ह्या एका विचारानं माझ्या अंगात कणकण भरली होती. त्यानंतर वीस वर्षांनी, तुझ्या आरतीच्या बारशाला, बाजेवर बसून मेथीचा लाडू खाताना तू सहज सांगितलंस की सायलेन्सरमध्ये तू लोकरीचा बोळा कोंबला होतास.

मी म्हटलं, "भवाने, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू लई खूश झाली व्हतीस," तू म्हणालीस.

तुझं हे असं होतं. करायचं आणि गप बसायचं. ह्याचा मला तेव्हाही राग आला होता आणि कालही आला. कालचं शेवटी सांगते.

आपल्याला तेरावं वर्ष लागलं तेव्हाचं मात्र मी कधी बोलले नाही तुझ्याशी. तुझी आई, माझी मोठी माय, सगळ्या गावाची दृष्ट काढायची. आपल्यात त्याचे शब्द पोरींना तेराव्या वर्षी देतात. मोठ्या मायनं तुला चुलीपुढं बसवलं, तुझा उजवा हात मिठाच्या मडक्यात घातला आणि तुझ्या कानाशी तोंड नेलं. हे शब्द असेच द्यायचे. कागदावर लिहायचे नाहीत, दुरून सांगायचे नाहीत. देणारीचा आणि घेणारीचा हात एकाच मिठात पाहिजे. तुझ्यामागं माझा नंबर होता. मी हात धुऊन, वेणी घालून तयार होते, आणि अण्णांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"माझ्या पोरीला हे नको," अण्णा वहिनीला म्हणाले. "भानामतीच्या नावानं एका बाईचं लोकांनी काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आज दृष्ट काढती म्हणतील, उद्या करणी करती म्हणतील."

अण्णा चुकीचं बोलत नव्हते, हे मला पुढं कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की तुला काहीतरी मिळतंय आणि मला ते मिळत नाहीये. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि कान टवकारून ऐकत राहिले. पहिली ओळ ऐकली. आल्याची, गेल्याची. दुसरी ऐकली. वाटंच्या वाटसराची. तिसरी मोठी माय अगदी कानात बोलली, नुसते ओठ हलले. मग चौथी पुन्हा मोठ्यानं. चुलीत जळो, राखंत मिळो. त्या वर्षीच्या जूनमध्ये अण्णांनी बिऱ्हाड शहरात हलवलं, मला नवी शाळा मिळाली, आणि भूगोलाची वही तुझ्याकडं राहिली.

मी लिहायला का लागले असं मला मुलाखतीत विचारतात. मी वाचनाची गोडी वगैरे सांगते. खरं कारण ते दार आहे. जे मिळालं नाही ते मी कागदावर मिळवत बसले.

पहिल्या पुस्तकातली रेवा तेरा वर्षांची, मेंढपाळाच्या घरातली. दुसऱ्याला लागलेली नजर ती मिठात ओढून घेते आणि मीठ काळं पडतं. तिला एक धाकटी बहीण. शेवटी रेवा घर सोडून शहरात जाते आणि मोठी कुणीतरी होते. त्यात मी आपल्या घरचे शब्द घातले. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही, असं आता कबूल करते. तिसरी ओळ मला येतच नव्हती. मी ती रचली. एका दुपारी, चहाचा कप पुढ्यात ठेवून, पाच मिनिटांत रचली. "जिच्याकडं कुणी बघत नाही तिची."

प्रकाशनाला तू आलीस. हिरवी साडी नेसून शेवटच्या रांगेत बसलीस आणि भाषणं संपायच्या आत निघून गेलीस. चार दिवसांनी तुझा फोन आला. पुस्तक पुरतं वाचून झालं होतं तुझं.

"घरातलं बाजारात नेलंस," तू म्हणालीस, "अन् ते बी मोडकं नेलंस. तिसरी ओळ ती नाय."

"मग खरी सांग. पुढच्या आवृत्तीत बदलते."

"फोनवर देत नसत्यात. येऊन घे. मिठात हात घाल अन् घे."

मी हसले. तू नाही हसलीस. मग म्हणालीस, "अन् काय गं, जिच्याकडं कुणी बघत नाय ती कशापायी दुसऱ्याला नजर लावंल?"

"तीच तर लावेल," मी म्हटलं. "दिवसभर सगळ्यांकडं बघत तीच तर बसलेली असते."

  मग तुझा आवाज आला, अगदी हळू. "रेवा तर गेली निघून. तिची धाकटी मेंढरांमागं राहिली, तिचं एक पान बी लिहिलं नाय तू." आणि लगेच म्हणालीस की दूध उतू चाललंय, ठेवते.

ते भांडण तिथंच राहिलं. पुढचे सहा महिने तू फोन केला नाहीस, मीही नाही. मग दिवाळीला तू चकल्यांचा डबा घेऊन आलीस आणि आपण जसं काही झालंच नाही असं बोललो. पण निघताना चप्पल घालता घालता म्हणालीसच, "तिसरी ओळ येऊन घे." पुढं दर भेटीला तेच. मी तुला थट्टेनं विचारायचे, दे ना आता, मीठ काय माझ्या घरात नाही होय? तर म्हणायचीस, "मडकं तिकडं हाय." मी म्हणायचे, येते. आणि तो 'येते' आपला असाच राहायचा.

रेवाची चार पुस्तकं झाली. धाकटीचं पान एकाही पुस्तकात आलं नाही. लिहायला बसले की मला त्या पोरीचा चेहरा दिसायचा नाही. आता वाटतं, दिसत होता. मीच नीट बघत नव्हते.

आता संक्रांतीनंतरचं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं बोलत बसले. मी तिळगूळ घेऊन आले होते तुझ्याकडं, दोन तास काढून. तू वाळली होतीस. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. मी चहा प्यायले, आरतीच्या मार्कांचं विचारलं, घड्याळ बघितलं. तू उठून आत गेलीस आणि ताटली घेऊन आलीस. खडेमीठ, मोहऱ्या, सात सुक्या मिरच्या. माझ्यापुढं ठेवलीस आणि स्वतः पाटावर बसलीस.

"नंदे, आज माझी काढ."

मी म्हटलं, "मी?"

"स्वतःची स्वतःला काढता येत नाय. लेकीनं आईची काढायची नसती, म्हणून आरती नाय. माय गेली तवापासून माझी कुणी काढली नाय. बरोबरीची तू एकटीच राहिलीस." मग म्हणालीस, "हात मिठात घातलास की तिसरी ओळ बी देते. आजच देते."

भामे, मी काय म्हणाले ते तुला आठवतं. मलाही आठवतं, शब्द न् शब्द. मी म्हणाले, "अगं, मी हे फक्त लिहिते. माझा विश्वास नाही असल्यावर. तू डॉक्टरकडं जा, रक्त तपासून घे."

"डॉक्टरकडं जातेच हाय," तू म्हणालीस. "त्यो रक्त बघंल. तू मला बघ."

आणि मी म्हणाले, "तीन वाजता एका शाळेत कार्यक्रम आहे गं. पुढच्या वेळी नक्की."

तू उठलीस. मीठ मडक्यात परत ओतलंस. मिरच्या उचलून डब्यात टाकल्यास, "राहू दे, आमटीला व्हत्याल," म्हणालीस आणि मला सोडायला रस्त्यापर्यंत आलीस. रिक्षा वळेपर्यंत उभी होतीस. मी मागं वळून बघितलं नाही, फोनवर शाळेचा पत्ता शोधत होते.

त्या शाळेत काय झालं ते तुला सांगायचं राहिलं. दोन वेण्या घातलेली एक पोरगी उठली आणि तिनं विचारलं, "मॅडम, तुमच्या घरात खरोखरची जादू कुणाला येते का?" आणि मी माईकवर, हसत हसत म्हणाले, नाही गं, सगळी माझी कल्पना. टाळ्या पडल्या. तुझ्या ताटलीतलं मीठ तेव्हा माझ्या बोटालासुद्धा लागलेलं नव्हतं.

त्यानंतर सगळं फार पटापट झालं आणि ते मी इथं लिहिणार नाही. दवाखान्यात मी रोज आले. आता येऊन काय उपयोग, हे तू एकदाही म्हणाली नाहीस. तुझ्या तोंडावर मास्क होता. मी एकदा वाकून म्हटलं, "भामे, तिसरी ओळ?" तू हाताची बोटं हलवलीस, कणीक मळल्यासारखी. मला वाटलं पाणी मागतेस. मी नर्सला हाक मारली. घरी येऊन रात्रीचं जेवण वाढताना कळलं की तू मीठ मागत होतीस. दुसऱ्या दिवशी मी पिशवीत मीठ बांधून आणलं, पण तू तेव्हा कुणालाच ओळखत नव्हतीस.

आता कालचं.

दिवस मावळायला आला होता. दाजी मांडववाल्याबरोबर बाहेर होते. मी तुझ्या ओट्यावर बसले होते, डोकं ठणकत होतं आणि घरी जायला पाय निघत नव्हता. तेवढ्यात शेजारची सून तिचं तान्हं घेऊन आली. पोर किंचाळत होतं. दारात आल्यावर तिला एकदम भान आलं, आज घरात काय आहे ते. ती ओशाळली, परत फिरायला लागली. सवयीनं आली होती बिचारी. आरती आतून म्हणाली, "वहिनी, बसा. मी काढते." नववीतली पोर, सकाळपासून रडून डोळे सुजलेले. तिनं मागच्या अंगणातली चूल पेटवली, मडक्यातून मूठभर मीठ घेतलं आणि बाळावरून ओवाळायला लागली.

"आल्याची, गेल्याची. वाटंच्या वाटसराची." मी उठून उभी राहिले. आता तरी ऐकू येईल, एवढंच माझ्या डोक्यात. चार पावलं असतील नसतील, मी चौकटीशी गेले. तेच दार नाही, पण मी तशीच उभी होते. आरतीनं आवाज खाली आणला नाही. मोकळ्या आवाजात म्हणाली, "जिच्याकडं कुणी बघत नाय तिची. चुलीत जळो, राखंत मिळो."

पोर निजलं. सून गेली. मी आरतीला म्हटलं, "हे तू माझ्या पुस्तकातलं म्हणालीस."

तिनं माझ्याकडं नवलानं बघितलं. "पुस्तकातलं कशाला? आईचं हाय. आई हेच म्हणायची."

"कधीपासून?"

"मी पहिलीत असल्यापासून तरी. आधी तिसरी ओळ तोंडातल्या तोंडात म्हणायची, मग मोठ्यानं म्हणायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, ही ओळ लपवायची नसती."

"आणि आधीची? जुनी?"

"ती मला दिली नाय. म्हणाली, ती मावशीची हाय, ती येऊन घेईल."

भामे, म्हणून म्हणते मी अजून भांडतेय. आठ वर्षं मला मोडकं मोडकं म्हणालीस आणि पडेगावच्या पोरांवरून माझीच ओळ ओवाळत राहिलीस. पुन्हा सायलेन्सरमधला बोळाच. एकदा फोन करून सांगितलं असतंस तर मी धावत आले असते. की नसते आले? तुला माहीत होतं बहुतेक. जुनी ओळ तू माझ्यासाठी राखून ठेवलीस आणि सोबत घेऊन गेलीस. आता ती ह्या जगात कुणालाच येत नाही, आणि ह्याला कारण मी आहे. माझी पाच मिनिटांत रचलेली ओळ मात्र घरात राहिली. ह्याचं मला बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून लाजही वाटते.

मी निघाले तर आरती म्हणाली, "मावशी, माझी काढशील? आईच काढायची. आता कुणी नाय."

ह्या वेळी मी घड्याळ बघितलं नाही. म्हटलं, "मला काढता येत नाही बाळ. मला कुणी दिलेलंच नाही."

तिनं मडकं ओढलं. "हात घाल," म्हणाली. मी घातला. तिनं तिचा घातला. मीठ गार होतं आणि जरा ओलसर. त्या चौदा वर्षांच्या पोरीनं माझ्या कानाशी तोंड आणून चारही ओळी मला दिल्या, एकेक करून, आणि तिसरी अशी जपून दिली जशी काही मी ती जन्मात ऐकली नव्हती. मी तिच्यामागं म्हणत गेले. तेहतीस वर्षं उशिरा माझा नंबर लागला.

मग ती पाटावर बसली आणि मी तिची काढली. माझा विश्वास बसला असं समजू नकोस. मी फक्त तिच्याकडं बघत होते, पायाच्या नखापासून भांगापर्यंत, हात सात वेळा फिरेस्तोवर. तिची हनुवटी तुझ्यासारखी आहे. डाव्या भुवईत बारीक खूण आहे, ती कशाची ते मला माहीत नाही, विचारायला पाहिजे. एवढं निवांत मी कधी कुणाकडं बघितलं नव्हतं. तू पाटावर बसून हेच मागत होतीस, दुसरं काही नाही.

मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका आला नाही. "लई लागली व्हती बघ," आरती म्हणाली आणि राख सारखी करायला लागली. मी हात धुतले नाहीत, तसेच घेऊन चिकलठाण्यापर्यंत आले.

दर शनिवारी येईन म्हणून तिला सांगितलंय. तू हसशील, हसू दे. धाकटीचं पुस्तकही आजपासून सुरू करते, तिचा चेहरा आता दिसतोय. सगळ्यांच्या काढल्यास भामे, अख्ख्या पडेगावच्या काढल्यास. तुझी तेवढी राहिली.